दोनशे मैलांची सीमा

वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपणां श्रोत्यांस समुद्र दूरचा वाटतो. परंतु गावतळ्यातील मासे कोणी व किती धरावेत, हा जो प्रश्न आपल्यापुढे असतो, तोच मोठ्या प्रमाणावर समुद्रातही उभा राहतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर स्वामित्व सांगून जहाजांना परवाने घ्यावयास लावले. १६०९ साली ग्रोशियस या डच विधिज्ञाने समुद्र सर्वांस मुक्त आहे, असे प्रतिपादन केले. पुढे किनाऱ्यालगतचे तीन मैल पाणी तेवढे त्या त्या देशाचे, असा परिपाठ बहुतेक राष्ट्रांत पडला. विसाव्या शतकात मोठी यांत्रिक जहाजे परमुलखाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचू लागली. १९४७ साली चिली व पेरू यांनी दोनशे मैलांवर हक्क सांगितला. भारताने १९७६ साली तसा कायदा केला आणि सुमारे २० लाख चौरस किलोमीटर समुद्रातील मत्स्यधन आपल्या अधिकारात आले.

तथापि, त्याचे फळ कोळ्यांच्या पदरात पडावयाचे होते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचे नियमन राज्याकडे व त्यापुढे केंद्राकडे असते. महाराष्ट्राने १९८१ साली आपला नियमन कायदा केला. परंतु १९९१ च्या केंद्रीय धोरणाने परदेशी भागीदारीच्या जहाजांस खोल समुद्राचे परवाने देण्याची वाट मोकळी केली. म्हणजे ज्यांना दूर ठेवण्यासाठी सीमा आखली, तेच परवाना घेऊन आत येणार! मच्छीमारांनी देशभर हरताळ पाळला. केरळातील धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी त्यांच्या अग्रभागी होते. १९९५ साली मुरारी समिती नेमली गेली. हे परवाने रद्द करावेत, अशी शिफारस तिने १९९६ मध्ये केली.

परके गेले म्हणजे मासे वाचतात, असेही नव्हे. कॅनडाने १९७७ साली दोनशे मैलांची सीमा लागू करून परदेशी जहाजांना आवर घातला. पण पुढे त्याच्याच जहाजांनी इतका उपसा केला की, १९९२ साली न्यूफाउंडलंडची कॉड माशांची मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांची उपजीविका गेली.

आपले कोळी बांधव पूर्वापार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास ओढीत आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटीत. माशांच्या विणीच्या काळात त्यामुळे जाळी आपोआप विसावत. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही बंदी कायद्याने आहे. दोनशे मैलांची सीमा राखणे हे नौदलाचे व तटरक्षक दलाचे काम. परंतु हे दोन महिने पाळणे मात्र प्रत्येक नाखव्याच्या हाती आहे.