उपदेशाकडून श्रवणाकडे

‘समुपदेशन’ हा शब्द फळ्यावर लिहिला, की आम्हां भाषेच्या अध्यापकांचे लक्ष प्रथम त्यातील ‘उपदेश’ या घटकाकडे जाते. उपदेश टाळणे हा ज्या विद्येचा एक मूलभूत आग्रह, तिच्या मराठी नावातच तो ठाण मांडून बसला आहे. इतिहास पाहता हा विरोधाभास अर्थपूर्ण ठरतो.

या विद्येचे एक मूळ ख्रिस्ती धर्मशिक्षणात आहे. कार्ल रॉजर्स १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले ते धर्मोपदेशक होण्यासाठी. दोन वर्षांनी ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. अँटन बॉयसन यांनी स्वतः मनोरुग्णालयातील वास्तव्य भोगले होते. १९२५ मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांपाशी नेले. ग्रंथ वाचावा तितक्याच गांभीर्याने माणूस वाचावा, ही त्यांची धारणा. १९४२ च्या आपल्या ग्रंथात रॉजर्स यांनी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला बाजूला सारून बोलणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी आणले. व्यासपीठावरून खाली उतरून समोर बसणे, असा हा प्रवास आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रवासाला निराळा अर्थ येतो. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नवापूर परिसरात मिशनरी आले, चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय उभे राहिले. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ च्या भिल्ली भाषांवरील खंडात मावचीचीही नोंद आहे. येथे उपदेशासाठी येणाऱ्यालाही आधी बोली ऐकावी लागणार होती.

आज समुपदेशन शिकणाऱ्याची पुस्तके बहुतांशी इंग्रजी, वर्गातील चर्चा प्रमाण मराठीत. आणि समोरच्या बाईचे दुःख मात्र मावचीत वा पावरीत. तिने ते मराठीत सांगावे अशी अपेक्षा धरली, की ऐकण्याआधीच निवड होते: जे मराठीत येईल तेवढेच दुःख नोंदले जाते. धर्मसंस्थेत शिकणाऱ्यावर आणखी एक बंधन आहे. व्यथा हे धर्मप्रसाराचे निमित्त होता कामा नये. नाहीतर उपदेश मागच्या दाराने परत येतो.

म्हणून आम्हांस वाटते, की या जिल्ह्यात समुपदेशनाचा पहिला पाठ बोलीचा असावा. मराठी विभागांनी त्यात वाटा उचलावा. शब्द बदलता आला नाही तरी चालेल. त्यातला ‘उपदेश’ मौन राहिला पाहिजे.