मध्यमान प्रमेय व त्याची व्यावहारिक उपयोजने

मध्यमान प्रमेय : एखाद्या बदलत्या राशीच्या आरंभीची व अखेरची अशा दोनच नोंदी हाती असता, मधल्या मुदतीत त्या राशीच्या बदलाचा तात्कालिक दर निदान एकदा तरी सरासरी दराबरोबर झालाच असला पाहिजे, असा निःसंदिग्ध निर्णय देणारे कलनशास्त्रातील प्रमेय. जे क्षण कोणी पाहिले नाहीत व ज्यांची दप्तरी नोंद नाही, त्यांविषयी खात्रीने बोलण्याचा अधिकार गणिताला या प्रमेयामुळे लाभतो. त्याची व्यवहारातील उपयोजने ही या एकाच सामर्थ्याची निरनिराळी रूपे होत.

विधान व पूर्वपीठिका. फ हे फलन अ पासून ब पर्यंतच्या बंद अंतरालात संतत आणि आतील प्रत्येक बिंदूपाशी अवकलनीय असेल, तर अ व ब यांच्या दरम्यान

फ′(क) = [फ(ब) − फ(अ)] ÷ (ब − अ)

हे समीकरण पाळणारा निदान एक बिंदू क असतो. भूमितीच्या परिभाषेत, वक्राची टोके जोडणाऱ्या जीवेला समांतर अशी स्पर्शिका मधल्या कोठल्या तरी बिंदूपाशी असतेच. टोकांची मूल्ये समान असतानाचा विशेष प्रकार फ्रेंच गणिती मिशेल रोल यांनी १६९१ मध्ये बहुपदींपुरता सिद्ध केला. लाग्रांझ यांनी १७९७ च्या आपल्या ग्रंथात प्रमेयाला व्यापक रूप दिले आणि कोशी यांनी १८२३ मध्ये त्याला काटेकोर कलनशास्त्राच्या केंद्रस्थानी आणून बसविले. महत्तम मूल्यापाशी बदलाचा दर शून्य होतो, हे रोल यांच्या प्रमेयाचे मर्म भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीच्या विवेचनात आढळते.

वाहनांचा वेग. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीच्या भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे परस्परांपासून २० किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे आहेत आणि एका मोटारीने ते अंतर १० मिनिटांत तोडले, असे समजू. चालकाने दोन्ही कॅमेऱ्यांसमोर ब्रेक दाबून काटा ८० वर आणला असला, तरी तिचा सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर भरतो. आणि मध्ये निदान एका क्षणी तिचा वेग नेमका तेवढा होता, हे प्रमेयाने शाबीत होते. तो क्षण कोणता, हे प्रमेय सांगत नाही आणि मर्यादाभंगाच्या निवाड्यासाठी ते सांगण्याची गरजही नाही. स्कॉटलंडमध्ये डनब्लेन ते इन्व्हरनेस या हमरस्त्यावर २०१४ पासून याच तत्त्वावर वेगाची तपासणी होते. उलटपक्षी, सरासरी ९५ आली म्हणून चालकाने मर्यादा पाळलीच, असा दाखला मात्र कोणालाही देता येत नाही.

पर्जन्यमान. हाच भेद पावसाच्या हिशेबात ठळकपणे दिसतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ताशी सरासरी ३९ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. तेव्हा तासातासाची नोंद न पाहताही असे म्हणता येते की, त्या ठिकाणी पावसाच्या दराने आखलेली क्षमता ओलांडलीच होती. कुलाब्यास त्याच मुदतीत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. ताशी तीन मिलिमीटरांच्या या सरासरीवरून तेथे क्षमता ओलांडली गेली किंवा नाही, याविषयी प्रमेय काहीच बोलत नाही. मोठी सरासरी आरोप सिद्ध करते. लहान सरासरी निर्दोषत्व सिद्ध करीत नाही.

आसन्नमूल्ये व त्रुटींची मर्यादा. १०१ चे वर्गमूळ सुमारे १०.०५ आहे, हे सांगणे सोपे. त्यात चूक किती, हे सांगणे महत्त्वाचे. प्रमेयानुसार √१०१ − १० = १ ÷ (२√क), आणि क हा १०० व १०१ यांच्या दरम्यान असल्यामुळे हे वर्गमूळ १०.०४९७५ पेक्षा मोठे व १०.०५ पेक्षा लहान ठरते. येथेही क अज्ञातच राहतो, परंतु त्याच्या हद्दी ठाऊक असल्याने उत्तराच्याही हद्दी ठरतात. मोजणीतील चुकीचा परिणाम क्षेत्रफळावर वा घनफळावर किती होईल, याचा अंदाज अभियंते याच रीतीने बांधतात.

खगोलगणित. ग्रहाचे कक्षेतील स्थान काढण्यासाठी केप्लरचे समीकरण म = ई − उ·ज्या(ई) सोडवावे लागते; यात म हा कालानुसार समगतीने वाढणारा कोन, ई हा शोधावयाचा कोन व उ ही कक्षेची उत्केंद्रता असते. ई साठी एक किंमत गृहीत धरून ती म + उ·ज्या(ई) या राशीत घालावी, आलेले उत्तर पुन्हा तीतच घालावे, अशी ही रीत आहे. या राशीचा अवकलज उ·कोज्या(ई) असून कोज्येचे मूल्य एकाहून अधिक होत नसल्यामुळे, मध्यमान प्रमेयानुसार प्रत्येक फेरीत उरलेली चूक आधीच्या चुकीच्या जास्तीत जास्त उ पट असते. मंगळाची उत्केंद्रता सुमारे ०.०९३ असल्याने चार फेऱ्यांत मूळ चूक दशसहस्रांशाहूनही कमी होते. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता सुमारे ०.९६७ असल्यामुळे तेथे एवढ्या त्वरेची हमी मिळत नाही व गणकाला दुसरी रीत अवलंबावी लागते.

अक्षय राशी. ज्या राशीच्या बदलाचा दर एखाद्या अंतरालात सर्वत्र शून्य आहे, ती राशी तेथे स्थिर असते, हे विधान स्वयंसिद्ध वाटले तरी त्याची सिद्धता मध्यमान प्रमेयावर उभी आहे. यामिकीत ऊर्जेचा कालसापेक्ष अवकलज शून्य येतो, एवढे दाखवून ऊर्जा अक्षय असल्याचा निष्कर्ष काढताना याच विधानाचा आधार घेतला जातो. या प्रमेयाचे सर्वांत दूरगामी उपयोजन हेच मानले पाहिजे.

मर्यादा. फलनात खंड किंवा टोकदार कोन असेल, तर प्रमेय लागू होईलच असे नाही. दिशा असलेल्या राशींनाही ते जसेच्या तसे लागत नाही : देवळाला अखंड प्रदक्षिणा घालून मूळ जागी परतणाऱ्या मनुष्याचे एकूण विस्थापन शून्य, म्हणून सरासरी सदिश वेगही शून्य, पण तो वाटेत कोठेही थांबलेला नसतो. यास्तव मोटारीच्या उदाहरणात दोन कॅमेऱ्यांमधील सरळ अंतर न घेता रस्त्याच्या कडेने मोजलेले अंतर घ्यावे लागते.