डीपीचा पाया

आमच्या उल्हास नदीच्या खोऱ्यात पाणी आणि वीज यांचं नातं जुनं आहे. 1922 साली टाटांचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरून उतरवलेलं पाणी वीज देऊन उल्हास नदीत मिसळू लागलं. पुढे कारखान्यांना पाणी हवं म्हणून एमआयडीसीने बारवी धरण बांधलं, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या भातखाचरांतून पोल उभे राहत गेले. ठेकेदाराच्या हाताखाली मी लाइनचं काम शिकलो ते याच चिखलात.

नियम सोपा: पोलाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे नऊ मीटरच्या पोलाला दीड मीटर खड्डा. पण खाचराची माती आषाढात लोण्यासारखी होते. म्हणून आमचे मुकादम तळाला दगड ठासून घेत, भोवती काँक्रीट ओतत आणि त्याला वरून उतार देत, म्हणजे पोलाच्या बुडाशी पाणी साचत नाही. मुंबईसाठी मानकांनी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, ताशी जवळपास 158 किलोमीटर. एवढा वारा झेलायचा, तर ट्रान्सफॉर्मर डीपीच्या, म्हणजे दोन पोलांच्या सांगाड्याच्या, चॅनलवर नुसता टेकवून भागत नाही; बोल्ट, डबल नट आणि ताण चोख लागतात.

पावसाळी ओल आत शिरण्याचा छुपा मार्ग म्हणजे ब्रीदर, ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो ती डबी. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली, की ती ओल धरून बसली आहे आणि बदलायला हवी. नाहीतर दमट हवा थेट आत जाते आणि तेलाची इन्सुलेशनची ताकद घटते.

अर्थिंग मात्र बहुतेकजण चुकीच्या महिन्यात तपासतात. जुलैत ओल्या जमिनीत रीडिंग छानच येतं. पण वळवाच्या विजा पडतात तेव्हा मुरूम कोरडा ठाक असतो. म्हणून मोजणी मे महिन्यातच करावी.

26 जुलै 2005 च्या पुरात उंचावरच्या डीपी तगलेल्या पाहिल्या. ठेंगण्या चौथऱ्यावरचे ट्रान्सफॉर्मर गाळाखाली गेले. त्यानंतर माझ्या कामात चौथऱ्याची उंची नकाशाने नाही, पूररेषेने ठरू लागली.

नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं: जागा आखण्याआधी गावातल्या जुन्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. त्याच्या वर चौथरा बांधा, मगच ट्रान्सफॉर्मर मागवा.