न्यायाचा वर्ग आणि सॅन होजेचं पत्र

मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची गोष्ट बहुतेक जण आकड्यांपासून सुरू करतात. आपणही ते आकडे आधी उरकून टाकू. २०१२ साली एमआयटीने विद्युत मंडलांचा एक अभ्यासक्रम जगाला फुकट खुला केला. नाव नोंदवलं सुमारे १ लाख ५५ हजारांनी, उत्तीर्ण झाले ७,१५७. म्हणजे शंभरात जेमतेम पाच. यावर हसणारे पुष्कळ निघाले. आम्हाला ते हसणं पटत नाही. शंभराचा वर्ग धरला तर हे एकाहत्तर वर्ग झाले की!

किती टिकले यापेक्षा आले कोण, हे पाहावं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पाचांतल्या चारांहून अधिक जणांकडे पदवी आधीच होती. दार सगळ्यांना उघडं, पण आत आले ते बहुतांशी शिकलेलेच.

मग न शिकलेल्यांचं काय? याचं उत्तर कॅलिफोर्नियात सॅन होजे स्टेट या सरकारी विद्यापीठात शोधलं गेलं. तिथली बरीच मुलं नोकरी सांभाळून शिकणारी, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. २०१३ च्या जानेवारीत युडॅसिटी कंपनीबरोबर बीजगणित आणि संख्याशास्त्राचे स्वस्त ऑनलाइन वर्ग निघाले. उत्तीर्णांचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा बरंच कमी पडलं आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळी तुकडीचे निकाल सुधारले खरे, पण तीत पदवीधरच पुष्कळ होते!

त्याच वर्षी त्याच विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागापुढे वेगळाच प्रस्ताव आला. हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा ‘न्याय’ हा गाजलेला अभ्यासक्रम एडएक्सवर होता, तो वापरून पाहा म्हणून. विभागाने नकार दिला आणि खुद्द सँडेलांनाच उघडं पत्र लिहिलं. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद तो. पत्राचा रोख काय होता? सँडेल वर्गात प्रश्न विचारतात, हार्वर्डची मुलं उत्तरं देतात. सॅन होजेच्या मुलांनी काय करायचं? तर ते पाहत बसायचं. पुढे दोन प्रकारची विद्यापीठं होतील, एकात जिवंत प्राध्यापक, दुसऱ्यात त्याचं चित्रीकरण. आणि देशभर न्यायाचा एकच धडा, एकाच तोंडून!

यात नोकरी जाण्याची भीती नव्हती का? होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. पण तेवढ्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही. तत्त्वज्ञान शिकणं म्हणजे ‘सर, हे मला पटत नाही’ असं म्हणता येणं, आणि त्यावर सरांना थांबावं लागणं. पडदा थांबतो, पण उत्तर देत नाही. सँडेलांनीही ही काळजी रास्त असल्याचं मान्य केलं. सहकारी प्राध्यापकांविरुद्ध आपली व्याख्यानं वापरली जाऊ नयेत, असं त्यांनी कळवलं.

एडएक्सचं पुढे काय झालं म्हणाल, तर हार्वर्ड आणि एमआयटीने २०२१ मध्ये ते टूयू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकलं. २०२४ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. सँडेलांची व्याख्यानं मात्र आजही फुकट पाहता येतात. जरूर पाहा, फक्त एकटे पाहू नका. शेजारी वाद घालणारं कुणीतरी बसवा.