पावसाने चिकट थेंब धुऊन गेले, तर दवबिंदू वनस्पती जगते कशी?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कास पठारावर गेलेले पर्यटक फुलांच्या गालिच्यांचे फोटो काढतात. पण त्याच जमिनीवर, अगदी बुटाशेजारी, लालसर रंगाची एक इवलीशी वनस्पती असते. तिच्या पानांवर दव पडल्यासारखे थेंब चमकत असतात. भर दुपारी उन्हातही ते वाळत नाहीत, कारण ते दव नसतंच. तो असतो कीटकांसाठी लावलेला चिकट सापळा.

ही वनस्पती म्हणजे दवबिंदू, शास्त्रीय नाव ड्रोसेरा. कीटक खाणारी वनस्पती म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण एक साधा प्रश्न पडतो. हा चिकट स्राव म्हणजे बहुतांश पाणीच. मग सह्याद्रीतल्या धो धो पावसात तो टिकतो कसा? आणि कुंडीतल्या दवबिंदूला पावसात ठेवावं की आत घ्यावं?

आधी सापळा समजून घेऊ

दवबिंदूच्या पानावर केसांसारखे बारीक तंतू असतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक ग्रंथी असते आणि ती चिकट स्राव तयार करते. या स्रावात पाणी आणि त्यात विरघळलेल्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्यामुळे तो ताणला तरी चटकन तुटत नाही, त्याची तार निघते.

कीटक चिकटला की धडपडतो आणि आणखी अडकतो. आजूबाजूचे तंतू त्याच्याकडे वाकतात. काही प्रजातींमध्ये अख्खं पान त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. मग पाचकरस पाझरतात आणि कीटकातलं नायट्रोजन, फॉस्फरस पान शोषून घेतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दवबिंदू कीटकांवर पोट भरत नाही. ऊर्जेसाठी ती इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशावरच अवलंबून असते. कीटक हे तिचं खत आहे. तिच्या जमिनीत जे मिळत नाही, ते ती हवेतून पकडते.

पाऊस पडतो तेव्हा नेमकं काय होतं?

हलक्या रिमझिम पावसात स्राव घट्ट असल्यामुळे बरेचसे थेंब तंतूंवर टिकून राहतात. जोरदार सरीत मात्र तो पातळ होतो आणि धुऊन जातो. पान कोरडं, बोडकं दिसू लागतं.

पण कारखाना शाबूत असतो. ग्रंथी जिवंत असल्यामुळे पाऊस थांबून ऊन पडलं की त्या पुन्हा स्राव तयार करू लागतात. ऊन आणि हवेतला ओलावा पुरेसा असेल, तर काही तासांत ते एक-दोन दिवसांत थेंब परत दिसतात.

सलग आठ दिवस झड लागली तर? तेवढे दिवस शिकार बंद. तशा पावसात उडणारे कीटकही कमीच असतात. पण शिकार मिळाली नाही म्हणून झाड लगेच मरत नाही. हिरवी पानं काम करत राहतात, वाढ तेवढी मंदावते.

पावसाचा थेंब आणि डास, फरक कळतो कसा?

खरी गंमत इथे आहे. प्रत्येक थेंबाच्या धक्क्याने तंतू वाकले असते, तर पावसाळाभर झाडाची शक्ती वाया गेली असती.

चार्ल्स डार्विनने याच प्रश्नावर प्रयोग केले होते. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकात त्याने ते मांडले. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी वजनाचा केसाचा तुकडा ग्रंथीला टेकला, तरी तंतू वाकला. मात्र उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांनी तो वाकला नाही. मुसळधार पावसात विनाकारण हालचाल होत नाही, हा झाडाचा मोठाच फायदा आहे, असं डार्विनने नोंदवलं.

पुढच्या संशोधनातून यामागची यंत्रणा उलगडली. तंतूचं टोक हललं की त्यात विजेचे सूक्ष्म संकेत निर्माण होतात. एखाद्या संकेताने सहसा काही होत नाही, ते पाठोपाठ यावे लागतात. पावसाचा थेंब आदळतो आणि निघून जातो. अडकलेला डास मात्र हलत राहतो. शिवाय त्याच्या शरीरातली रसायनं ग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि त्यानंतरच पचनाचं काम जोरात सुरू होतं. खडा किंवा काडी पडल्यामुळे वाकलेला तंतू काही मिळालं नाही की पुन्हा सरळ होतो.

मग इतक्या पावसाच्या जागी ती उगवतेच का?

कारण त्या पावसानेच तिला जागा मिळवून दिली आहे. कास पठार, कोकणातले सडे इथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो. पाऊस त्यातली पोषकद्रव्यं वाहून नेतो. तिथे मोठी झाडं तग धरत नाहीत. त्यामुळे ऊन अडवणारं कोणी नसतं आणि खताची सोय दवबिंदूकडे स्वतःची असते.

जगात दवबिंदूच्या दोनशेहून अधिक प्रजाती आहेत. भारतात प्रामुख्याने तीन सांगितल्या जातात : ड्रोसेरा बर्मानी, ड्रोसेरा इंडिका आणि ड्रोसेरा पेल्टाटा. बर्मानी जमिनीला चिकटून चकतीसारखी वाढते, तर इंडिका बारीक लांब पानांची आणि उभी असते. या दोघी आपल्याकडे पावसाळ्यात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि जमीन सुकली की संपतात. पेल्टाटा मात्र जमिनीखालच्या छोट्या कंदात कोरडे महिने काढते.

काही प्रजातींनी तर पावसालाच कामाला लावलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अगदी बुटक्या दवबिंदूंवर चपट्या कळ्यांसारखे भाग येतात. त्यांच्यावर पावसाचा थेंब आदळला की ते उडून दूर पडतात आणि तिथे नवीन रोप तयार होतं.

कुंडीत लावायची असेल तर

नर्सरीत सहसा दक्षिण आफ्रिकेतली ड्रोसेरा केपेन्सिस मिळते. ती बाल्कनीत, गच्चीवर वाढू शकते. काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात.

पाणी : पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साठतात आणि झाड हळूहळू मरतं. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. टीडीएस ५० पीपीएमच्या आत असलेला बरा.

माती : बागेची माती, शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत यातलं काहीही नको. पीट मॉस आणि धुतलेली जाड वाळू किंवा परलाइट चालतं.

पाऊस : साधा पाऊस लागू द्या. पागोळीखाली किंवा गच्चीच्या पाइपखाली कुंडी ठेवू नका. मातीचे शिंतोडे उडून पानं माखतात आणि ग्रंथी झाकल्या जातात. अनेक दिवस झड असेल तर वारा खेळेल अशा आडोशाला ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

ऊन : सकाळचं थेट ऊन हवंच. एप्रिल-मे मध्ये दुपारी शेडनेट लावा.

ताटली : कुंडीखालच्या ताटलीत एक-दोन सेंटीमीटर पाणी ठेवतात. ते दर दोन-तीन दिवसांनी ओतून नवीन भरा. नाहीतर डास खाणाऱ्या झाडाखालीच डासांची पैदास होईल.

थेंब दिसत नाहीत म्हणून घाबरून खत घालणं किंवा मांसाचे तुकडे ठेवणं, ही नेहमीची चूक आहे. मांस पानावरच कुजतं. आधी ऊन आणि पाणी तपासा.

पठारावरून उपटून आणू नका

कासचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाच्या स्थळांमध्ये झाला. तिथल्या दवबिंदूचं अख्खं आयुष्य एका पावसाळ्याचं असतं. बी पडण्याआधी रोप उपटलं किंवा फोटोच्या नादात पायाखाली आलं, तर पुढच्या वर्षीची रोपंही कमी होतात. घरी आणलेलं रोप तर सहसा काही आठवड्यांतच जातं, कारण तो जांभा, ते ऊन आणि तो पाऊस कुंडीत आणता येत नाही. पाहायची असेल तर वाटेवरूनच, खाली बसून पाहा. आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर थेंब परत यायला थोडा वेळ द्या.