कुबडवाली बंदूक आणि लीजचा शिक्का

ब्राउनिंग ऑटो-५ ही शॉटगन पाहिली की आधी तिचं कुबड नजरेत भरतं. अमेरिकेत तिचं टोपणनावच 'हंपबॅक'. बार उडाला की नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकतात. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. १९०० साली जॉन ब्राउनिंगला या रचनेचं पेटंट मिळालं.

त्याचे आधीचे नमुने विंचेस्टर कंपनी एकरकमी घ्यायची. या वेळी हा पठ्ठ्या म्हणाला, दर बंदुकीमागे रॉयल्टी द्या. कंपनी नाही म्हणाली. वर्षानुवर्षांची दोस्ती तिथेच संपली! मग तो रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारी १९०२. अध्यक्ष हार्टली यांची भेट ठरलेली, आणि त्याच दिवशी ते हृदयविकाराने गेले. शेवटी ब्राउनिंग नमुना घेऊन थेट बोटीने बेल्जियमला, एफएन कंपनीकडे. तिथे काम झालं. पुढे १९०५ पासून रेमिंग्टननेही परवाना घेऊन हीच बंदूक काढली, बोला!

आज अमेरिकेत आजोबांची ऑटो-५ हाती आली की बरेच हौशी घरीच तिला नवं रूप देतात. दस्ता घासून पॉलिश केला, इथवर ठीक. पण लोखंडावर नवा निळा रंग चढवण्याआधी ते पॉलिश करतात, आणि त्यात लीजच्या तपासणीघराचा लंबगोल शिक्का पुसट होतो. सत्तरच्या दशकात उत्पादन जपानच्या मिरोकूकडे गेलं. त्यामुळे बेल्जियमची बंदूक कोणती, हे सांगणाऱ्या मोजक्या खुणांपैकी ही एक.