एका पहिल्या अल्बमची पस्तीस वर्षे

इंग्लंडमधले ब्रिस्टल हे बंदराचे शहर आपल्याकडच्या वाचकाला माहीत असते ते बहुधा राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. १८३३ मध्ये त्यांचे निधन तिथे झाले. समाधीही तिथेच आहे. याच शहरातल्या रॉनी साइझ आणि ‘रेप्रेझेंट’ या चमूचा ‘न्यू फॉर्म्स’ हा पहिला अल्बम जून १९९७ मध्ये निघाला. त्याच वर्षी ब्रिटनमधले मानाचे मर्क्युरी पारितोषिक त्याला मिळाले. स्पर्धेत रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’ होता, प्रॉडिजी आणि स्पाइस गर्ल्सही होत्या. नवख्यांनी दिग्गजांवर मात केली, अशी ही गोष्ट सहज सांगता येते. मला ती अपुरी वाटते. पहिला अल्बम म्हणजे आरंभ, हा हिशेब ध्वनिमुद्रण कंपन्यांचा. इतिहासाच्या हिशेबात हा अल्बम पस्तीसएक वर्षांच्या घडामोडींचे फळ ठरतो.

आधी संगीताविषयी. या प्रकाराचे नाव ‘ड्रम अँड बेस’. त्यात ड्रमचे तुकडे मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांच्या वेगाने धावतात आणि खालचा बेस मात्र जणू निम्म्या लयीत चालतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा ऐकणाऱ्याला हे समजायला जड नाही. ताशा कडकडत असतो, ढोलाचा टोला ठाय पडतो आणि आपली पावले ढोलाच्या मागे जातात. दोन्हींचे नाते नाही, पण एकाच वेळी दोन लयींत असण्याचा अनुभव मिळताजुळता आहे.

या संगीताचे मूळ कुठे शोधायचे? मी ते बसच्या थांब्यापासून शोधतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात स्थिरावली. १९६३ मध्ये तिथली बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसांना बसवर चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. त्याविरुद्ध लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि ऑगस्टअखेर कंपनीला नमते घ्यावे लागले. त्यानंतर नेमलेला पहिला गौरेतर वाहक रघबीर सिंग हा शीख होता. १९६८ मध्ये सेंट पॉल्सचा रस्त्यावरचा उत्सव सुरू झाला. २ एप्रिल १९८० रोजी पोलिसांनी तिथल्या एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल पेटली.

बहिष्कार, उत्सव आणि दंगल यांच्या जोडीने वाढत होती ती जमैकाहून आलेली ‘साउंड सिस्टिम’. भलेमोठे स्पीकर, रेकॉर्ड वाजवणारा एक आणि माइकवर बोलणारा एक. ज्यांना शहरातल्या क्लबांची दारे सहजी उघडत नव्हती, त्यांनी घरांत, तळघरांत आणि रस्त्यावर आपली मैफल मांडली. या संस्कृतीतून ‘वाइल्ड बंच’ हा गट आला, त्यातून मॅसिव्ह अटॅक आणि त्यांचा १९९१ चा ‘ब्लू लाइन्स’. संथ लय आणि जड बेस ही शहराची ओळख ठरली.

रॉनी साइझ १९६९ मध्ये याच शहरात जमैकन आईवडिलांच्या पोटी जन्मला. शाळा सुटल्यावर तो यंत्रे हाताळायला शिकला ते ‘बेसमेंट’ या युवक केंद्रात. क्रस्ट, डाय आणि सुव्ह या साथीदारांसह त्याने ‘फुल सायकल’ हे स्वतःचे लेबल काढले आणि ‘न्यू फॉर्म्स’च्या कितीतरी आधीपासून ही मंडळी एकेक रेकॉर्ड बाजारात आणत होती. चमूचे नावही बोलके आहे: ‘रेप्रेझेंट’, म्हणजे आपल्या माणसांच्या वतीने उभे राहणे.

मग पारितोषिक याच अल्बमला का? इथे माझा तर्क थोडा कडवट आहे. ‘ब्राउन पेपर बॅग’ या गाजलेल्या रचनेत साय जॉनचा डबल बेस आहे. ओनालीचा गाता आवाज आहे. मंचावर क्लाइव्ह डीमर खरेखुरे ड्रम वाजवतो. म्हणजे परीक्षकांना ओळखीच्या अशा जॅझच्या खुणा त्यात आहेत. निव्वळ यंत्रावर घडलेले तेच संगीत, कितीही सरस असले तरी, त्या व्यासपीठापर्यंत पोहोचले असते का, याची मला शंका वाटते. यात चमूचा दोष नाही. प्रतिष्ठेचे दार किती अरुंद असते, एवढेच त्यातून दिसते.

डीमरच्या वादनात आणखी एक गोष्ट दडली आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकन गटाच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सुमारे सात सेकंदांचा एकल तुकडा वाजवला. पुढे सॅम्पलर यंत्रावर तो कापून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून असंख्य रचना झाल्या. ड्रम अँड बेसचा पाया ज्या तुकड्यांवर रचला गेला त्यांत हा सर्वांत प्रसिद्ध. कोलमनला त्याचे मानधन मिळाले नाही. २००६ मध्ये तो वारला. माणसाच्या हाताचा ठेका यंत्राने घेतला, अशक्य वेगाला नेला आणि डीमरसारख्या वादकाने तो पुन्हा हातात आणला. या फेऱ्यात कोलमनच्या वाट्याला मात्र काही आले नाही.

आपल्याकडे घराण्याचे नाव सांगितल्याशिवाय गवयाची ओळख पूर्ण होत नाही. ‘न्यू फॉर्म्स’ची ओळखही तशीच करून द्यावी, असे मला वाटते. वेष्टनावर छापलेली नावे खरीच आहेत. पण बस नाकारणारे, तळघरात स्पीकर रचणारे, युवक केंद्राचे दार उघडे ठेवणारे आणि सात सेकंद वाजवून विस्मरणात गेलेला एक ड्रमवादक, यांची नावे वेष्टनावर मावत नाहीत. ती नोंदवणे हे इतिहासाचे काम आहे.